दप्तर आणि यंत्र : लहान कार्यालयासाठी संगणकाची निवड

प्रस्तावना

लहान व्यावसायिक कार्यालयासाठी संगणक निवडणे हा वरवर पाहता किंमत, कंपनी आणि दुकानदार यांच्यापुरता मर्यादित असा खरेदीचा प्रश्न वाटतो. परंतु करसल्लागाराचे कार्यालय, बाजार समितीतील अडत दुकान, औषधांच्या घाऊक विक्रेत्याची पेढी किंवा तालुक्याच्या गावातील छोटा कारखाना यांचे रोजचे कामकाज बारकाईने पाहिले, तर तो मुख्यतः दप्तराचा प्रश्न असल्याचे ध्यानात येते. खरेदी-विक्रीची बिले, खतावण्या, येण्या-देण्याच्या याद्या, पगारपत्रके, विवरणपत्रांच्या प्रती आणि पत्रव्यवहार असा जो संग्रह व्यवसायाचे देणेघेणे सिद्ध करतो, तो सगळा येथे दप्तर या संज्ञेत अभिप्रेत आहे. यंत्र पाच-सहा वर्षांत जुने होते, दप्तर मात्र त्याहून अधिक काळ सुस्थितीत राहावे लागते. आणि या दोन आयुर्मर्यादांमधील अंतर लक्षात घेऊन यंत्र कसे निवडावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हे अंतर किती मोठे आहे, हे कायद्याच्या तरतुदींवरून स्पष्ट होते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या वह्या आणि नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जतन कराव्या लागतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही असल्याने त्या वर्षाचे दप्तर डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी असणे आवश्यक ठरते, म्हणजेच एप्रिल २०२४ मध्ये फाडलेले पहिले बिल सुमारे पावणेआठ वर्षे सांभाळावे लागते. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना कंपनी अधिनियम, २०१३ खाली आठ आर्थिक वर्षांची वेगळी अट आहे. याहून महत्त्वाची, आणि व्यापारी वर्गात फारशी चर्चिली न जाणारी तरतूद केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावलीतील नियम ५७ ची आहे. नोंदी संगणकावर ठेवल्या असतील, तर त्यांची योग्य बॅकअप प्रत, म्हणजे मूळ नोंदींपासून वेगळी राखलेली दुसरी प्रत, ठेवली पाहिजे आणि अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्यास वाजवी कालावधीत माहिती पुन्हा उभी करता आली पाहिजे, असे हा नियम सांगतो. ‘संगणक बिघडला म्हणून हिशेब मिळत नाही’ हे कारण त्यामुळे मान्य होण्यासारखे राहत नाही.

संगणक ठेवावा की न ठेवावा, हा निर्णयही आता बहुतेक व्यवसायांच्या हाती उरलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल अनिवार्य झाले, आणि पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसची, म्हणजे शासकीय यंत्रणेकडे नोंदवून क्रमांक मिळवलेल्या बिलाची, सक्ती झाली. वहीखाते हाताने लिहिणाऱ्या पेढीला एकेकाळी संगणक ही सोय होती. आज तो बंद पडला तर बिल निघत नाही, बिल नाही म्हणून माल निघत नाही, आणि मालाची गाडी दारात उभी राहते. मोठ्या कंपनीत अशा वेळी धावून येणारा संगणक विभाग असतो. लहान कार्यालयात तो विभाग म्हणजे स्वतः मालक, हिशेबनीस आणि फोनवर मिळाला तर मिळणारा तंत्रज्ञ. म्हणून लहान कार्यालयाने संगणक पारखताना तो चालू असताना किती वेगवान आहे याच्या आधी, तो बंद पडेल त्या दिवशी काम किती वेळात पुन्हा सुरू होईल हे विचारले पाहिजे, अशी या विवेचनाची भूमिका आहे.

बाजारात रूढ असलेला प्रश्न याच्या अगदी उलट दिशेने जातो. ग्राहक ‘कोणता चांगला?’ असे विचारतो आणि दुकानदार ‘आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन’ अशी चढती भाजणी मांडतो. ही नावे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपची आहेत. वास्तविक केवळ या नावावरून काहीच ठरत नाही, कारण त्याच नावाने दरवर्षी-दीड वर्षाने नवी पिढी बाजारात येत गेली आणि जुन्या पिढीचा आय-सेव्हन नव्या पिढीच्या आय-थ्रीपेक्षा मंद असू शकतो. शिवाय बिले करणे, खतावणी पाहणे, पत्रे लिहिणे आणि करविषयक संकेतस्थळांवर माहिती भरणे या कामांना चालू पिढीतील साधा प्रोसेसरही पुरून उरतो. वास्तुविशारदाचे त्रिमितीय आराखडे किंवा चित्रफितींचे संपादन यांची गोष्ट वेगळी, तेथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंवर खर्च करावाच लागतो. इतरांनी मात्र तो पैसा अन्यत्र वळवावा.

तो वळवायचा कुठे, याचे पहिले उत्तर साठवणुकीत आहे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या चकत्या असतात आणि हवी ती नोंद मिळवण्यासाठी वाचकाचे टोक त्या चकतीवर प्रत्यक्ष सरकावे लागते. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा एकही भाग नसतो, नोंदी चिपमध्ये साठवलेल्या असतात, आणि त्यामुळे विखुरलेल्या हजारो लहान नोंदी उचलण्याचे काम, जे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सतत करावे लागते, ते अनेक पटींनी लवकर होते. सकाळी संगणक सुरू करून चहा होईपर्यंत थांबावे लागणाऱ्या कार्यालयात बहुधा हार्ड डिस्कच असते, आणि पुष्कळदा तेवढी एक वस्तू बदलल्याने जुने यंत्र आणखी दोन-तीन वर्षे काम देते. एक सावधगिरी मात्र येथेच नोंदवली पाहिजे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा खरखर आवाज करते किंवा मंदावते. एसएसडी पुष्कळदा काहीही पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते, आणि तिच्यातील माहिती परत मिळवणे अधिक अवघड असते. वेग वाढला म्हणून बॅकअपची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

दुसरे उत्तर रॅमचे आहे. चालू असलेली सगळी कामे ज्या तात्पुरत्या स्मृतीत मांडून ठेवली जातात ती रॅम. ती अपुरी पडली की संगणक साठवणुकीचाच काही भाग तिच्याऐवजी वापरू लागतो आणि सगळे अडखळते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम सांगितलेली असली, तरी ती केवळ यंत्र सुरू होण्यापुरती आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेलची मोठी पत्रके, ब्राउझरमध्ये उघडलेली जीएसटीची, आयकराची आणि बँकेची पाने, शिवाय व्हॉट्सॲप, असे करसल्लागाराच्या टेबलावरचे नेहमीचे चित्र ८ जीबीत कसेबसे आणि १६ जीबीत निर्धास्त बसते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पुष्कळदा मुख्य फलकावरच डाख दिलेली असते व पुढे वाढवता येत नाही, तेव्हा खरेदीच्या वेळीच पुरेशी रॅम असलेले यंत्र घ्यावे.

सॉफ्टवेअरच्या आयुष्याचा विचार यंत्राच्या आयुष्याइतकाच करावा लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, म्हणजे मर्यादित काळाची वाढीव व्यवस्था सोडली तर तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणे बंद केले; आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले आणि दुरुस्त करून विकले जाणारे, म्हणजे रिफर्बिश्ड, संगणक घेण्यात गैर काही नाही. उलट पहिल्या-दुसऱ्या टेबलासाठी तो पुष्कळदा शहाणपणाचा व्यवहार असतो. परंतु सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र स्वस्तात मिळाले म्हणून घेणारा व्यावसायिक आधार संपलेल्या प्रणालीवर आपले दप्तर ठेवतो. हे भय काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या नावाने जगभर पसरलेल्या हल्ल्यात संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली. ज्या त्रुटीचा त्यात उपयोग झाला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात प्रसृत केलेली होती, आणि ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती त्यांची यंत्रे सापडली.

परवाना नसलेली, ‘टाकून दिलेली’ विंडोज याच कारणाने टाळावी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ६३-ब नुसार संगणक-प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा किमान सात दिवसांच्या कारावासाचा आणि किमान पन्नास हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे, हा त्यातील कायद्याचा भाग. अशा प्रतीतून आणखी काय आत आले आहे हे कोणालाच माहीत नसते, हा व्यवहाराचा भाग. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली, तिचे सी-डॅकने तयार केलेले बॉस हे भारतीय रूप, आणि लिबरऑफिससारखा विनामूल्य कार्यालयीन संच ही पत्रव्यवहारापुरती उत्तम आणि आदरास पात्र साधने आहेत. मात्र टॅली हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर असल्याने आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांची साहाय्यक सॉफ्टवेअरे प्रामुख्याने विंडोजसाठीच तपासलेली असल्याने हिशेबाच्या टेबलावर विंडोजला तूर्त सोयीचा पर्याय नाही. पेन-ड्राइव्हसारखे दिसणारे हे टोकन बहुधा जुन्या चौकोनी यूएसबी खाचेतच बसते, आणि अतिपातळ लॅपटॉपमध्ये ती खाच पुष्कळदा नसते, एवढी लहान गोष्टही विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी फार मोठी होऊन बसते.

मराठीत कामकाज करणाऱ्या कार्यालयांना आणखी एका अंगाने विचार करावा लागतो, आणि संगणक-खरेदीच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट या कळफलकाची रचना १९८६ मध्ये प्रमाणित झाली, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे सांकेतिक मानक आले, आणि विंडोज २००० पासून युनिकोडमधील देवनागरी प्रणालीतच उपलब्ध झाली. मधल्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षे छपाईचे व पत्रव्यवहाराचे काम ज्या फॉन्टांवर चालले, त्यांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. तो विशिष्ट फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तेथे अशी फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. त्या काळातील काही सॉफ्टवेअरना डोंगल, म्हणजे संगणकाच्या मागे खोचायचे कुलूप, लागत असे, आणि ज्या पॅरलल पोर्टात ते बसे तो पोर्ट नव्या संगणकांतून हद्दपार झाला आहे. परिणामी असंख्य कार्यालयांत एक जुना संगणक केवळ जुनी मराठी पत्रे, करारनामे किंवा सभासदांच्या याद्या उघडता याव्यात म्हणून जिवंत ठेवलेला आढळतो. असे दप्तर नव्या यंत्रावर जाण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हा संगणक-खरेदीचाच एक भाग मानावा, त्यासाठी वेळ व पैसा राखून ठेवावा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व आकडे माणसाकडून तपासून घ्यावेत.

छपाईचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. अडत दुकानात शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या हिशेबपट्टीवर माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडे, घेतलेली उचल आणि निव्वळ रक्कम अशा रकान्यांच्या दोन-तीन प्रती एकाच वेळी निघाव्या लागतात, आणि कार्बनवर ठसा उमटवण्याची ताकद केवळ डॉट-मॅट्रिक्स छपाईयंत्रात असते, कारण त्याच्या सुया फितीवर प्रत्यक्ष आघात करतात. हे यंत्र आपल्या अंगभूत इंग्रजी अक्षरांत झपाट्याने छापते. देवनागरी मजकूर मात्र बहुधा त्याला चित्र म्हणून पाठवला जातो व म्हणून कमी वेगाने उमटतो. सकाळच्या लिलावानंतर खिडकीपाशी शेतकऱ्यांची रांग लागलेली असताना हा फरक फार जाणवतो. यास्तव संगणक घेण्यापूर्वी जुने छपाईयंत्र त्याला जोडून, ‘शेतकऱ्यांच्या’ यासारख्या शब्दातील ऱ्य नीट उमटतो का आणि एक पूर्ण पट्टी निघायला किती वेळ लागतो, हे दुकानातच पाहून घ्यावे. विक्रेता नकार देत असेल, तर विक्रेता बदलावा.

विजेचा विषय पुस्तकी वाटला, तरी महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि निमशहरी भागांत यंत्राच्या आयुष्यावर त्याचा प्रभाव सर्वांत मोठा असतो. यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर साठवलेल्या विजेवर संगणक चालू ठेवणारे साधन, हे ऐषआरामाचे नसून संगणकाचाच अवयव मानले पाहिजे, कारण नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचा भार उचलतो. एका संगणकाला आणि पडद्याला काम आवरून व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ तो देतो, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. लेझर प्रिंटर तापताना एकदम मोठा भार ओढत असल्याने तो यूपीएसवर कधीही जोडू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, हा खर्च आरंभीच गृहीत धरावा. या सगळ्याहून अधिक दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची आहे. तीन पिनांच्या सॉकेटात तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचलेली आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. वीजतंत्रज्ञाने मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील दाब मोजला, तर तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा अशी अपेक्षा असते. संगणकाच्या धातूच्या खोक्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर नवा संगणक घेण्याआधी वायरिंग दुरुस्त करणे हेच पहिले काम ठरते. विदर्भातील उन्हाळ्यात, जेथे बाहेरचे तापमान ४५ अंशांवर जाते, बंद खोलीतील यंत्राला हवा मिळेल अशी जागा हवी, आणि कोकणच्या पावसाळ्यात दमट हवेने जोडण्या गंजू नयेत म्हणून यंत्र रोज काही वेळ चालू ठेवणे हिताचे असते.

यंत्राच्या बांधणीविषयी येथे थोडक्यात मत नोंदवणे पुरेसे आहे. गल्ल्यावर आणि हिशेबाच्या टेबलावर उभ्या खोक्याचा, म्हणजे टॉवर पद्धतीचा, डेस्कटॉप सर्वांत योग्य, कारण त्याचा कोणताही भाग तालुक्याच्या गावातही बदलून मिळतो. फिरतीवर असणाऱ्या व्यक्तीसाठी लॅपटॉप. आणि पडद्यातच सगळे बसवलेला ऑल-इन-वन दिसायला कितीही नीटनेटका असला तरी लहान कार्यालयाने टाळावा, कारण पडदा बिघडला तरी सबंध यंत्र दुरुस्तीला जाते आणि काम थांबते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला संगणक घ्यावा की नामांकित कंपनीचा, या जुन्या वादात एकच कसोटी उपयोगी पडते : बिघाड झाल्यावर माणूस कार्यालयात येणार आहे की यंत्र उचलून न्यावे लागणार आहे. हमीपत्रावर ‘ऑनसाइट’ असे छापलेले असले, तरी ती सेवा आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. जवळच्या, विश्वासू आणि पक्के बिल देणाऱ्या तंत्रज्ञाने जुळवलेले यंत्र दूरच्या सेवा-केंद्रावर अवलंबून असलेल्या यंत्रापेक्षा पुष्कळदा अधिक काळ काम देते. पक्के बिल असेल तर भरलेल्या कराची वजावट नोंदणीकृत व्यवसायाला सर्वसाधारणपणे मिळते आणि आयकरात संगणकावर घटत्या मूल्याच्या ४० टक्के दराने घसारा मिळतो. कच्च्या पावतीवर वाचवलेले पैसे या दोन्ही वाटांनी निघून जातात.

अखेर पुन्हा दप्तराकडे यावे लागते. टॅलीच्या जुन्या आवृत्तीत हिशेबाची माहिती बहुधा सी ड्राइव्हवर, प्रोग्रॅमच्याच फोल्डरातील डेटा नावाच्या फोल्डरात असे. संगणक मंद झाला म्हणून बोलावलेला तंत्रज्ञ त्याला ‘फॉरमॅट मारतो’ तेव्हा सर्वप्रथम पुसला जातो तो हाच सी ड्राइव्ह. आपले दप्तर यंत्रात नेमके कोठे आहे, हे मालकाला ठाऊक नसणे हीच लहान कार्यालयातील सर्वांत धोक्याची स्थिती होय. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाच्या बाहेर असावी, हा जगभर मान्य झालेला दंडक लहान कार्यालयालाही सहज पाळता येतो : एक प्रत संगणकात, दुसरी आठवड्याला जोडून लगेच काढून ठेवायच्या बाह्य डिस्कवर, तिसरी मालकाच्या घरी किंवा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून पोहोचता येणाऱ्या भाड्याच्या साठवणुकीत. सतत जोडून ठेवलेली डिस्क खंडणीच्या हल्ल्यात संगणकाबरोबरच कुलूपबंद होते, म्हणून ‘काढून ठेवायची’ हे शब्द महत्त्वाचे. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता, वर्षातून एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उघडून, मागील मार्चची शिल्लक जुळते का, हे पाहिले पाहिजे.

पुढील प्रकरणांत यांतील प्रत्येक बाबीचा तपशील कार्यालयाच्या प्रकारानुसार येईल. वाचकांना एक विनंती मात्र येथेच करणे आवश्यक आहे. नवा संगणक आल्यावर जुना भंगारवाल्याला किंवा बदल्यात दुकानदाराला न देता त्यातील डिस्क काढून घ्यावी, तिच्यातील दप्तर नव्या यंत्रावर उघडते याची खात्री होईपर्यंत ती कपाटात ठेवावी, आणि उरलेले यंत्र ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावे.